दुसऱ्या काठावरचे गाव

मोमोलोने दाबयंत्राचे चाक शेवटपर्यंत ओढले, लोकरीचे जाड कापड बाजूला सारले आणि ओल्या कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरून, जखमेवरची पट्टी काढावी तसा तो हळूहळू तांब्याच्या पत्र्यावरून उचलला.

"घ्या दादा," तो खिडकीपाशी उभ्या बास्तियानला म्हणाला. "बाळ-बाळंतीण सुखरूप. नाकीडोळी नीट आहे, बापावर गेलं नाही."

ओराझियो मालक पुढे झाले. व्हेनिसमध्ये सान झुलियानच्या गल्लीतले चित्रांचे दुकान त्यांचे, मागच्या खोलीतले यंत्र त्यांचे, आणि या खोलीत तांब्यावर चित्रे कोरीत उभा जन्म काढलेला बास्तियान सोप्पेल्सा हाही एका अर्थी त्यांचाच. चष्मा सावरून ते कागदावर वाकले. उजव्या हाताला सरळसोट कडा, त्याच्या पायथ्याशी मोकळे गवताळ रान. मधून नदी, नदीवर लाकडी पूल. पुलाच्या डाव्या बाजूला, पलीकडच्या काठावर, फळ्यांच्या छपरांची थोडीशी घरे आणि देवळाच्या घंटेचा बुटका मनोरा. माणूसबिणूस कुठे नाही.

"वा," मालक म्हणाले. "इकडे डोंगर, तिकडे गाव. तराजूची दोन पारडी जशी. एवढी वर्षं दुसऱ्यांची चित्रं कोरलीस बास्तियान, हे कुठे दडवून ठेवलं होतंस?"

बास्तियान खिडकीपाशी उभा राहून तेजाबाने पिवळी पडलेली बोटे फडक्याला पुसत होता. तो जवळ आला, त्याने पाहिले, आणि त्याचे हात फडक्यातच राहिले.

गाव भलत्याच काठावर होते.

"काय हो दादा? आवडलं नाही?" मोमोलोने विचारले.

"शाई जरा कमी पुसलीस."

"झालं. पोर काळं निघालं तरी दोष सुइणीचा."

मालक हसले. चार दिवसांवर सेन्साची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची, जत्रा आली होती. परदेशी पाहुणे जत्रा पाहून आपापल्या देशी परतायला निघत, आणि जाताना डोंगर ओलांडायचे म्हणून डोंगराची चित्रे विकत घेत. "आज अक्षरं कोरून टाक," मालक म्हणाले. "‘आल्प्समधील देखावा’ एवढं लिही, खाली तुझं नाव. उद्या सकाळी मोमोलो छपाईला बसेल."

बास्तियानने मान हलवली. ओल्या छापावर त्याने कोरा कागद घातला, दोन पुठ्ठ्यांमध्ये तो ठेवला आणि पुठ्ठे बगलेत मारून, जेवायला जातो असे सांगून तो बाहेर पडला. जेवायला मात्र तो कुठेच गेला नाही.

चाळीस वर्षांच्या कामात अशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. पत्र्यावर जे उजवीकडे कोराल ते कागदावर डावीकडे छापले जाते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून चित्रकाराचा कागद समोर आला की त्याच्यापुढे आरसा उभा करायचा आणि आरशातले पाहून पत्र्यावर उतरवायचे. बास्तियानचा हात हे झोपेतही करी. आणि हात झोपेत चालतो म्हणूनच घात झाला होता.

डोंगराचा कागद त्याच्याजवळ होता. तरुणपणी आई वारली तेव्हा तो आगोर्दोच्या खोऱ्यातल्या आपल्या लारेझे गावी गेला होता, आणि निघताना पुलावर बसून त्याने कड्याचे चित्र काढले होते. नुसत्या कड्याचे. गाव काय, कधीही बघायला मिळेल, ते कशाला काढायचे, असे त्याला तेव्हा वाटले होते. तो जुना कागद त्याने या शरद ऋतूत बाहेर काढला, सवयीने आरसा लावला आणि डोंगर पत्र्यावर बरोबर उलटा उतरवला. तेजाबाने पत्र्यावरच्या रेघा खोल खाल्ल्या. मग डोंगराच्या भागाला पुन्हा तेजाब लागू नये म्हणून त्याच्यावर त्याने मेण-राळेचा काळा लेप दिला, हात घासू नये म्हणून वर कापड बांधले, आणि हिवाळाभर उरलेल्या भागात गाव कोरीत बसला. गावाचा कागद कुठून असणार? गाव डोळ्यांत होते. डोळे मिटले की तो पुलावर उभा असे आणि घरे उजव्या हाताला दिसत. दिसली तशी त्याने ती उजव्या हाताला कोरली. काळ्या लेपातून तांब्याच्या लालसर रेघांनी एकेक घर उमटत होते, आणि ते इतके हुबेहूब दिसत होते की आरशाची आठवण होण्याचे कारणच पडले नाही.

म्हणजे डोंगर छापात बरोबर जागी आला आणि गाव नदी ओलांडून पलीकडे गेले.

दुसरे कोणते चित्र असते तर गोष्ट निराळी होती. पण लारेझेवर तो कडा कोसळला होता. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. घरे, घंटा, माणसे, सगळे त्याच्याखाली गेले. वाचली ती नदीच्या दुसऱ्या काठावर, गवताच्या रानात असलेली चार माणसे. त्यांत बास्तियानची थोरली बहीण मेनेगा होती. तिचा नवरा आणि दोन मुलगे वाचले नाहीत. ती चालत चालत व्हेनिसला भावाच्या दारी आली आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या गाद्यांची लोकर पिंजायला लागली. गावाबद्दल ती कधी बोलली नाही. त्यानेही विचारले नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी, मिठातल्या सार्डिन माशांचे काटे काढता काढता ती एकदम म्हणाली होती, "बास्ती, तुला गाव दिसतं का रे अजून? मला नाही दिसत. डोळे मिटले की नुसते धोंडे दिसतात. पोरं दारात कशी उभी राहायची ते आठवावं म्हणते, तर दारच सापडत नाही."

कडा कोसळल्यानंतर तो तिकडे गेला नव्हता. धोंडे त्याने पाहिले नव्हते, म्हणून गाव त्याच्याचपाशी शाबूत उरले होते. एका सरदाराने मागवलेले चित्र रद्द झाले आणि घासून तयार केलेला पत्रा पडून राहिला, तो त्याने मालकांकडून मागून घेतला. तेव्हापासून दर रविवारी मेनेगा विचारी, "झालं?" आणि तो म्हणे, "होतंय."

आता झाले होते.

त्याचे पाय तिच्या गल्लीशी गेले आणि तसेच पुढे निघाले. एक पूल चढला, उतरला, दुसरा चढला. बगलेतले पुठ्ठे घामाने ओले होतील म्हणून हातात घेतले, हातात वारा लागतो म्हणून पुन्हा बगलेत घातले. मासळीवाल्या बायकांनी त्याला एकदा वाट दिली, तो परत आला तेव्हा दुसऱ्यांदा वाट देताना एकीने विचारले, "काय हरवलंय बाबा? सांग तरी, आम्ही पण शोधतो." तो तसाच पुढे गेला.

सान पोलोच्या चौकात खुर्च्या विणणारा एकजण भिंतीला टेकून बसला होता. हे लोक आगोर्दोकडचेच, गावोगाव फिरून खुर्च्यांच्या बैठका गवताने विणून देणारे. बास्तियान त्याच्यापुढे थांबला आणि त्याने आपल्या डोंगरी बोलीत गाव विचारले. माणूस दोन खोरी पलीकडचा निघाला.

"लारेझे ठाऊक आहे?"

"ऐकलंय. ते चेपलेलं गाव ना?" तोंडातली गवताची काडी न काढता तो म्हणाला.

बास्तियानने पुठ्ठा उघडून त्याच्यापुढे धरला. माणसाने हात मांडीला पुसले, पण कागदाला लावले नाहीत. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "अगदी असंच. आमच्याकडे असंच असतं सगळं. हा पूल तर मी ओलांडलाय."

"तू कसा ओलांडशील? तू जन्मायच्या आधी वाहून गेला तो."

"मग असाच दुसरा असेल."

"आणि गाव? गाव या काठाला होतं की त्या?"

"मला काय विचारता? कुठल्याही काठाला असेना, डोंगराला ठाऊक होतं तेवढं पुरे झालं." त्याने काडी थुंकली. "खुर्ची आहे का विणायची? नसेल तर बाजूला व्हा, ऊन अडतंय."

बास्तियान बाजूला झाला. म्हणजे कुणालाच कळणार नव्हते. मालकांना नाही, परदेशी पाहुण्यांना नाही, खोऱ्यातल्या माणसालासुद्धा नाही. या शहरात एकाच बाईला कळणार होते, आणि ज्या बाईसाठी केले तीच ती. दाखवले नाही तर? लेप गळाला, तेजाब आत शिरले, पत्रा वाया गेला, असे सांगता आले असते. ती काही बोलली नसती. रविवारी सार्डिनचे काटे काढीत बसली असती. तिला तसे बसलेले त्याला पाहवले नसते, म्हणून तिला जाऊन सांगण्यावाचून दुसरी वाट नाही असे ठरवून तो आल्या पावली मागे फिरला.

मेनेगा अंगणात विहिरीच्या कट्ट्याशी बसली होती. कुणाची तरी गादी उसवून तिच्यातली लोकर चादरीवर पसरलेली. डोक्याला फडके, भुवयांवर लोकरीची भुकटी. शेजारीण वरच्या खिडकीतून तिच्याशी बोलत होती.

"आला गं तुझा भाऊ," शेजारीण म्हणाली. "चेहरा बघ, जसा काही मरणाऱ्याला पाद्री बोलवायला निघालाय."

"त्याचा चेहरा लहानपणापासून तसाच आहे," मेनेगा म्हणाली. "बस रे. जेवलास?"

"हो."

"खोटं बोलतोस. मक्याची पोलेंता आहे झाकलेली, घे." मग तिला पुठ्ठे दिसले. तिने लोकर खाली ठेवली, उठून विहिरीच्या बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि परत येऊन बसली.

"झालं?"

"ताई, आधी माझं ऐक. त्यात एक…"

"दाखव."

त्याने चित्र तिच्या मांडीवर ठेवले. वरच्या खिडकीतली शेजारीण, काय वाटले कोण जाणे, आत निघून गेली.

मेनेगा कागदावर वाकली. मग तिचे बोट कागदापासून वीतभर वर फिरू लागले. "ही घंटा. ही भट्टी, पावाची. हे तोनेच्या आजीचं, पायरी मोडलेली. मोडकीच काढलीस होय? बरं केलंस, ती कधी दुरुस्त झालीच नाही." बोट पुढे सरकले आणि थांबले. "हे आपलं."

"हो."

"दार उघडं आहे."

"तू दार कधी लावायचीस?"

ती हसली. हसताना तिच्या नाकातून शीळ वाजल्यासारखा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. बास्तियानला वाटले, इथेच कागद उचलावा आणि निघून जावे. पण तिचे बोट दारातून निघाले, पुलावर आले, पूल ओलांडला आणि कड्याच्या पायथ्याशी येऊन अडले. तिने मान वाकडी करून पाहिले. पुन्हा गावाकडे पाहिले.

"बास्ती, हे काय?"

"चुकलं," तो म्हणाला. "डोंगर आरशातून घेतला, गाव तसंच कोरलं. छापताना गाव तेवढं उलटलं." तो भरभर बोलू लागला. "पत्र्याची मागची बाजू कोरी आहे. ती घासतो, पुन्हा पहिल्यापासून करतो. जत्रा चुकली तर चुकली. मालक ओरडतील, ओरडू देत. थंडीपर्यंत तुला…"

"गप्प बस जरा."

 त्याने चादरीवरची लोकर उचलून उगाच पिंजायला घेतली.

"म्हणजे डोंगर या काठावर पडणार," मेनेगा म्हणाली. "आणि गाव त्या काठावर."

"चित्रात, ताई. नुसतं चित्रात."

"मला ठाऊक आहे चित्र आहे ते. मी काही खुळी नाही." तिने बोट गवताच्या रानावरून उचलले नाही. "आम्ही इथे होतो. सकाळपासून वाळायला टाकलेलं गवत उलटत होतो सगळे. मग घंटा झाली, पोरं भुकेली झाली. मी त्यांच्या बापाला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, वाढून घ्या, मी एवढी ओळ संपवून येते. आभाळ आलं होतं ना. गवत भिजलं असतं." मग ती म्हणाली, "एका ओळीसाठी."

एवढे ती आजवर कधीच बोलली नव्हती. बास्तियानच्या हातातल्या लोकरीचा गोळा झाला होता.

"माणसं का नाही काढलीस?" तिने विचारले.

"कुणाला काढू आणि कुणाला वगळू? म्हणून कुणालाच नाही काढलं."

"मला काढ."

"कुठे?"

"होते तिथे. इथे." तिचे बोट कड्याच्या खालीच होते.

त्याने कागद ओढून घ्यायला हात पुढे केला, तिने चापट मारून तो बाजूला सारला.

"ताई, भलतं बोलू नकोस. मी तुला त्या डोंगराखाली उभी करू? माझ्या हातानं?"

"डोंगर तूच ठेवलास ना तिथे? मी नुसती खाली उभी राहतेय."

"मी मागची बाजू घासतो. जसं होतं तसं करून देतो. तू मला गाव मागितलंस, मी ते बरोबर देईन."

"बरोबर कसं होतं ते मला सांगतोस? मी बघितलंय रे ते. रोज बघते." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तू दुसरं करशील. ते बरोबर होईल. मग मी ते हातात घेईन आणि मला काय दिसेल? डोंगर आणि त्याच्या खाली माझं दार. मी दार बघेन का डोंगर बघेन? हे बघ. यात मी दाराकडे बघू शकते. इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा बघितलं."

त्याने हातातला लोकरीचा गोळा चादरीवर ठेवला.

"आणि मला त्यात घातली नाहीस," ती म्हणाली, "तर बघणार कोण, कुठून?"

वरून शेजारणीने खिडकीतून डोके काढले आणि पोलेंता गार होतेय, कुणी खाणार आहे की कोंबडीला टाकू, असे विचारले. मेनेगा म्हणाली, "टाकू नकोस, हा खाईल." बास्तियानने उभ्याउभ्या दोन घास खाल्ले. घास गिळताना त्याला जाणवले की सकाळपासून आत्ता पहिल्यांदा आपण एका जागी थांबलो आहोत, आणि तेही नकोसे वाटून तो लगेच निघाला.

दुकानात परतल्यावर त्याने पत्रा तेलाने पुसला आणि खिडकीशी घेऊन बसला. मालकांची अक्षरे त्याने आधी कोरली, उलटी, आरशात पाहून. ‘आल्प्समधील देखावा.’ आज सकाळपर्यंत तो लारेझेचे नाव घालण्यासाठी भांडला असता. आता त्याला ते नको होते. पाहुण्यांनी देखावा न्यावा. त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे नेहमी चित्रकाराचे नाव असते, तिथे त्याने आपले लिहिले, आणि उजव्या कोपऱ्यात, कोरणाऱ्याच्या जागीही आपलेच. दोन्हीकडे स्वतःचे नाव लिहिताना त्याला कुणा दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे वाटले.

मग त्याने कोरडी सुई घेतली. एवढ्या लहान आकृतीला तेजाबाची गरज नव्हती, सरळ तांब्यावर ओरखडे काढले तरी भागणार होते. डोंगराखालच्या रानावर त्याने सुई टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली.  हात तयार होता. तोच तयार होत नव्हता. डोंगराच्या जुन्या रेघा पत्र्यात खोल बसलेल्या होत्या, बोट फिरवले की लागत होत्या. त्या पुसायच्या तर आठवडे घासावे लागले असते. तिला काढायला तेवढा वेळ लागणार नव्हता.

त्याने आधी तिच्या घागऱ्याची रेघ ओढली, मग पाठ, मग डोक्याचे फडके. दाताळ्याची लांब काठी. पाय गवतात बुडालेले. तोंड काढायचे नव्हते, कारण ती नदीपलीकडे पाहत उभी होती. सगळे मिळून गव्हाच्या दाण्याएवढे झाले. ओरखड्यांच्या कडांना तांब्याचे बारीक तूस उठले होते, ते त्याने घासले नाही. त्यात शाई अडकते आणि पहिल्या काही छापांत रेघ मखमलीसारखी काळी उठते. नंतर यंत्राखाली ते झिजून जाते.

"एक काढून बघ," तो मोमोलोला म्हणाला.

मोमोलोने पत्र्याला शाई भरली, मलमलीने पुसली, हाताच्या तळव्याने शेवटचा हात फिरवला, ओला कागद घातला आणि चाक ओढले. कागद उचलून तो खिडकीच्या उजेडात धरला. मालक मागून डोकावले.

"शाबास," ते म्हणाले. "मी म्हणणारच होतो, एखादं माणूस हवं. माणूस असलं की डोंगर केवढा ते कळतं." आणि गिऱ्हाईक आले म्हणून ते पुढे दुकानात गेले.

मोमोलोने कागद डोळ्यांजवळ नेला. "बाई आहे होय ही? काय करतेय?"

"गवत उलटतेय."

"एवढ्या रानात एकटीच?"

बास्तियान सुईचे टोक फडक्याने पुसत होता. "एकच ओळ राहिलीय तिची," तो म्हणाला. "बाकीची घरी गेलीत, जेवायला."

मोमोलोने मान हलवली, छाप दोरीवर वाळत घातला आणि पत्र्याला पुन्हा शाई भरायला घेतली.